एकाच डब्यातला रंग

शिरूर तालुक्यातल्या शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, सणसवाडी या पट्ट्यात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या सर्रास होण्याआधी बांधलेली स्लॅबची घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांतले कोणतेही एक पाहावे. खिडक्यांच्या चौकटी आणि झडपा लाकडाच्या, वर दीड-दोन फुटांचा छज्जा, आणि तीन-चार दिवाळ्यांपूर्वी दिलेला ऑइल पेंट. घराला एक फेरी मारली की दिसते, उत्तरेच्या खिडकीवरचा रंग अजून धड आहे, त्याची फक्त चकाकी गेली आहे. पश्चिमेच्या खिडकीवर मात्र पोपडे सुटले आहेत. त्या पश्चिमेच्या खिडकीजवळ जाऊन पाहिले तर आणखी काही कळते. छज्ज्याखालची वरची पट्टी बरी आहे. खालची पट्टी, आणि उभी बाही तिला जिथे मिळते तो सांधा, तिथे लाकूड उघडे पडून राखाडी झाले आहे. रंग एकाच डब्यातला, रंगारी तोच, बहुधा दिवसही तोच; तरी एकाच खिडकीत वरचा रंग टिकला आणि खालचा गेला. या पुस्तिकेचा सारा युक्तिवाद या साध्या निरीक्षणावर उभा आहे. रंग उडाला की आपण कंपनीला किंवा डब्याला दोष देतो आणि पुढच्या वेळी महागडा डबा आणतो. दोष डब्यात असता तर रंग सगळीकडे सारखाच उडाला असता. बाहेरच्या लाकडावरचा रंग किती वर्षे टिकणार हे मुख्यतः डबा उघडण्याआधी ठरते. ठरवते ते लाकडात शिरणारे पाणी, त्याच्या शिरण्याच्या वाटा, आणि त्या वाटा बुजवण्यासाठी आपण खर्च केलेले श्रम.

पाण्याचे नाव काढले की या भागातला वाचक लगेच हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले अवर्षणप्रवण तालुके. सह्याद्रीच्या कुशीतल्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इकडे ढग येईपर्यंत रिते झालेले असतात आणि सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळते. मग इथल्या खिडकीला पाण्याचे भय कसले? पण कमी पावसाच्या मुलखात लाकूड सुरक्षित असते हा समजच इथल्या खिडक्यांना भोवला आहे. इथे नुकसान ऊन आणि पाणी दोघे मिळून करतात, आणि पहिला मान उन्हाचा आहे. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटतो. तो धुऊन गेला की वर मोकळ्या तंतूंचा राखाडी, मऊ थर उरतो. रंगाचेही तेच. तेली रंग सुकतो तो हवेतला प्राणवायू घेऊन, आणि सुकल्यावरही ही क्रिया थांबत नाही. उन्हाने तिला वेग येतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत लवचीक पापुद्रा काचेसारखा ठिसूळ होतो. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या तापमानात पश्चिमेची भिंत दुपारभर भाजते. लाकूड वाळते, आक्रसते. ठिसूळ पापुद्र्याला त्याच्याबरोबर सरकता येत नाही आणि तो तडकतो. तडा केसाएवढा असतो, नजरेला दिसत नाही. मग पहिला वळीव येतो, तोही वाऱ्यासह, आडवा. त्या तड्यातून आत गेलेले पाणी वर रंग असल्यामुळे सहज बाहेर येत नाही. म्हणजे जो रंग पाणी अडवण्यासाठी दिला, तोच आता ते आत कोंडून ठेवतो. वर्षाचे आठ महिने कोरडे असलेल्या आणि चार महिने ओलसर होणाऱ्या हवेत लाकूड जितके आक्रसते-फुगते, तितके ते बारमाही दमट कोकणातही होत नाही. कमी पाऊस ही सवलत नव्हे. इथे लाकडाची हालचाल जास्त, म्हणून इथे तयारीही जास्त हवी.

ही हालचाल नेमकी कशी होते हे समजले की सांधाच आधी का उघडतो ते कळते. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने साधारण पाच ते सहा टक्के आक्रसते, गाभ्यापासून सालीकडे जेमतेम अडीच टक्के, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. सागवान या बाबतीत गुणी लाकूड आहे. खेड्यांत चौकटींसाठी सर्रास वापरलेल्या बाभळीची आणि कडुनिंबाची हालचाल याहून जास्त. आता चौकटीचा खालचा कोपरा डोळ्यांपुढे आणा. उभ्या बाहीची लांबी आडव्या पट्टीच्या रुंदीला भिडते. बाही लांबीत हलत नाही, पट्टी रुंदीत हलते. चार इंची पट्टी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना मिलिमीटरच्या आसपास सरकू शकते. सांध्यावर पसरलेला रंगाचा पापुद्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. त्याने या दोन लाकडांना धरून ठेवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यात भर म्हणजे लाकडाचा आडवा छेद. झाड उभे असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होते त्या नळ्यांची उघडी तोंडे या छेदावर असतात, आणि सपाट बाजूच्या कित्येक पट वेगाने ती पाणी शोषतात. झडपेच्या उभ्या पट्ट्यांची खालची टोके म्हणजे नेमका हाच छेद. ती खाली असतात, उंबऱ्याला टेकलेली असतात, छज्ज्यावरून उडालेले आणि भिंतीवरून ओघळलेले पाणी तिथेच थबकते, महामार्गावरची आणि चाकण रस्त्यावरच्या अवजड वाहनांनी उडवलेली धूळ तिथेच साचून ओल धरते, आणि कोणाला दिसत नाहीत म्हणून रंगाचा ब्रश नेमका तिथेच पोचत नाही.

याला जोडून एक दुष्टचक्र आहे, आणि ते जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात चालू असते. आषाढ-श्रावणात झडप फुगते आणि चौकटीत अडकते. सुताराला बोलावतात, तो कडेवर रंधा मारतो, झडप लागते, सगळे समाधानी. रंधा मारलेली कड मात्र कोरी राहते. पुढच्या पावसाळ्यात ती कोरी कड जास्त पाणी पिते, झडप अधिक फुगते, पुन्हा रंधा. चार-पाच वर्षांनी उन्हाळ्यात त्याच झडपेशेजारी बोट जाईल एवढी फट पडलेली दिसते आणि लाकूड वाईट निघाले असा निष्कर्ष काढला जातो. लाकडाचा यात काही अपराध नाही. रंधा मारायचाच असेल तर तो उन्हाळ्याआधी, लाकूड सुकलेले असताना, दर दिवाळीला चढत गेलेले रंगाचे जाड थर उतरवून मग मारावा. बहुतेक वेळा थर उतरवल्यावर रंध्याची गरजच उरत नाही. आणि मारलाच तर त्याच दिवशी त्या कडेला अस्तराचा हात द्यावा.

आता दिवाळीचा प्रश्न, कारण या पुस्तिकेतला हा मुद्दा लोकांना सर्वांत जड जाईल. घराला रंग द्यायचा तो दसरा-दिवाळीच्या मध्ये, हा आपला रिवाज आहे आणि त्यामागे चांगले कारण आहे. पावसाळ्याने काळवंडलेल्या भिंती सणाआधी उजळाव्यात, पीक हाती येऊन चार पैसे सुटलेले असतात, घरात माणसे येणार असतात. भिंतीच्या चुन्याला हा काळ ठीकच होता. लाकडाला तो मानवत नाही, आणि शिरूर-दौंडमध्ये तर मुळीच नाही. मुळशी-मावळात पावसाचा जोर जुलैत असतो, तिथे ऑक्टोबर येईपर्यंत लाकडाला सुकायला काही आठवडे मिळतात. इकडच्या पूर्वेच्या तालुक्यांत सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, हस्ताच्या सरी ऑक्टोबरातही येतात. म्हणजे आपण वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यानंतर लगेच, लाकूड सर्वांत जास्त पाणी धरून असताना, त्यावर तेली रंगाचे झाकण बसवतो. पुढे उन्ह तापले की आतले पाणी वाफ होऊन बाहेर येऊ पाहते आणि रंगाला फोड येतात. रंगापूर्वी लाकडातली ओल पंधरा टक्क्यांच्या खाली असावी हा सर्वसाधारण नियम आहे. भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवामानानुसार विभाग पाडून कोणत्या भागात लाकडात किती ओल चालेल याचे कोष्टकच दिले आहे. ओल मोजण्याचे दोन पिनांचे यंत्र आता फार महाग राहिलेले नाही, आणि गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाने ते भाड्याने द्यायला ठेवले तर सगळ्या रंगाऱ्यांचे काम होईल. ते नसेल तर पंचांग पुरे. दिवाळीला घर आतून रंगवावे. बाहेरच्या खिडक्या डिसेंबरच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत कराव्यात. त्यातही सकाळचे दव उडेपर्यंत थांबावे आणि उन्ह चुकवत घराभोवती फिरावे, म्हणजे पूर्वेची बाजू दुपारी आणि पश्चिमेची सकाळी. तापलेल्या लाकडावर रंगाची साय लगेच धरते आणि आतला थर कच्चा राहतो. एप्रिल-मेचे काम या कारणाने टाळावे, जरी मृगाआधी उरकण्याची घाई त्याच महिन्यांत सुटत असली तरी.

तयारीचे टप्पे एकेक करून पुढील प्रकरणांत येतीलच. इथे त्यांमागची कारणे सांगणे महत्त्वाचे, कारण कारण कळले नाही तर टप्पा गाळण्याचा मोह होतो. सर्वांत जास्त गाळला जातो तो राखाडी थर काढण्याचा. पोपडे पत्र्याने खरवडले, वरून काचपेपर फिरवला आणि लाकूड हाताला गुळगुळीत लागले की काम झाले असे वाटते. पण राखाडी लाकूड गुळगुळीत झाले तरी मेलेलेच असते. अमेरिकेतल्या मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने उघड्यावर ठेवलेल्या लाकडावर रंग किती घट्ट बसतो याच्या चाचण्या केल्या, तेव्हा रंगाआधी अवघे काही आठवडे उन्हात राहिलेल्या कोऱ्या लाकडावरही रंगाची पकड स्पष्टपणे ढिली झालेली आढळली. आपल्याकडची पश्चिमेची पट्टी काही आठवडे नव्हे, काही वर्षे उघडी असते. तेव्हा काचपेपर चालवायचा तो लाकडाचा मूळ तांबूस-पिवळा रंग दिसेपर्यंत. आधी ८० नंबर, मग १२०, आणि धड रंगाच्या कडा अशा उतरत्या घासायच्या की बोट फिरवले तर पायरी लागू नये. सागवान असेल तर घासल्यावर टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण सागाच्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे तेली रंग सुकायला उशीर होतो. मग अस्तर, आणि अस्तरानंतर लांबी. हा क्रम सर्रास उलटा केला जातो. भेगांमध्ये आधी लांबी भरली की कोरडे लाकूड तिच्यातले तेल ओढून घेते, मागे नुसती खडूची भुकटी राहते, आणि वर्षाच्या आत ती वडीसारखी निखळून पडते. अस्तर आधी पोटात गेले की लाकडाची तहान भागते आणि लांबीचे तेल लांबीत राहते. ज्या रंगाऱ्याने जवसाच्या तेलात स्वतः लांबी मळली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. तयार डब्याच्या काळात हे ज्ञान हातातून निसटत चालले आहे.

झडपा बिजागऱ्यांवरून उतरवून आडव्या टाकून रंगवाव्यात असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. चार स्क्रू काढण्याचे काम आहे, पण तेवढ्याने खालची टोके, वरची कड आणि बिजागरीखालची जागा एकदाची हाती लागते. आडव्या छेदाला अस्तराचे दोन-तीन हात, शोषणे थांबेपर्यंत, द्यावेत. उलट काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडाव्या लागतात. उंबऱ्याच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी निघून जायला फट किंवा भोक असेल तर ते लांबीने बुजवू नये, आणि पट्टीखाली पाणी ठिबकण्यासाठी कोरलेली खाच रंगाने भरून आली असेल तर ती पुन्हा कोरून घ्यावी. खाच भरली की पाणी पट्टीच्या पोटावरून मागे सरकत भिंतीत जाते, आणि मग घरातला माणूस भिंतीच्या ओलीचे कारण भलतीकडे शोधतो.

जुन्या रंगाविषयी एक इशारा मात्र आवर्जून वाचावा. शिसे हे रंगातले जुने द्रव्य. पांढरा सफेदा आणि अस्तरासाठी वापरला जाणारा शेंदूर, ज्याला दुकानात रेडलेड म्हणत, ही दोन्ही शिशाचीच रूपे, आणि पिवळ्या-नारिंगी तेली रंगांतही शिसे भरपूर असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून जास्त नसावे असा भारतातला नियम २०१६ सालचा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हा त्याआधीचा कोणताही थर शिशाचा असू शकतो असेच धरून चालावे. तो कोरडा घासला तर धूळ होते, दिव्याने जाळला तर वाफ होते, आणि दोन्ही लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतात. पाणपेपरने ओला करूनच घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, पोपडे गोळा करून बंद पिशवीत ठेवावेत, अंगणात झाडून टाकू नयेत. ओले घासल्याने लाकूड भिजते हे खरे. मग दोन-तीन दिवस सुकू द्यावे. या एका बाबतीत सोय किंवा खर्च यांचा विचार आड येऊ देऊ नये. रंगारी रोज हे काम करतो, त्यामुळे मोठा धोका त्यालाही आहे, आणि त्याच्या नाकावर चांगला मास्क असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे.

एवढे सगळे करायला मजुरी किती, हा पुढचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप. एका खिडकीला खरवडणे, घासणे, सुकवणे, अस्तर, लांबी, पुन्हा घासणे आणि रंगाचे दोन हात मिळून कामाचे तास रंग फासण्याच्या तासांच्या तिप्पट-चौपट होतात. रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांमुळे या भागात कुशल हाताचा रोज वाढला आहे आणि चांगला रंगारी सहज मिळत नाही, हेही खरे. पण खर्च मोजायचा तो वर्षांनी भागून. वरवरचा रंग पश्चिमेला दोन वर्षांत गेला आणि नीट केलेला सहा-सात वर्षे टिकला, तर तिप्पट मजुरी अंगावर येत नाही, शिवाय लाकूड वाचते ते वेगळेच. खरी अडचण रकमेपेक्षा कराराच्या पद्धतीत आहे. काम चौरस फुटावर ठरते, आणि खिडकीचे चौरस फूट थोडे, कडा मात्र लांबच लांब. अशा ठेक्यात जो जास्त घासेल त्याला कमी सुटणार. रंगाऱ्याला कामचुकार म्हणणे सोपे आहे. त्याला घासण्याचे पैसे कोणी देऊ केलेले नसतात. खिडक्यांचे काम ठेक्यातून काढून रोजंदारीवर द्यावे आणि अस्तर देण्याआधी घासलेले लाकूड मालकाने स्वतः पाहावे.

मग लाकूड काढून ॲल्युमिनियमच का बसवू नये? नव्या घराला तो पर्याय योग्य आहे आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. चौकटीत वाळवी शिरली असेल, दाभण दाबल्यावर ते सहज आत जात असेल, तर त्या लाकडावर रंगाचा खर्च करू नये. ती चौकट बदलावीच. पण धड सागवानी चौकट भिंतीतून उचकटायची म्हणजे गिलावा फुटतो, आतली फरशी हलते, आणि आज तशा जुन्या, घट्ट रेषांच्या सागाला बाजारात काय भाव आहे हे कोणताही वखारवाला सांगेल. पन्नास वर्षे टिकलेली आणि अजून तितकीच टिकू शकणारी वस्तू, आठ दिवसांची मेहनत नको म्हणून काढून टाकणे हा सौदा घरमालकाच्या हिताचा नाही. नवे रंग दहा वर्षांची हमी देतात असेही सांगितले जाते. त्या हमीची अट वाचावी: ती बहुधा भिंतीच्या गिलाव्यासाठी असते, आणि तीही पृष्ठभाग नीट तयार केलेला असेल तरच. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग तेली रंगापेक्षा जास्त लवचीक असतात आणि लाकडाबरोबर सरकतात, हा त्यांचा खरा गुण आहे. पण जुन्या गुळगुळीत ऑइल पेंटवर ते थेट लावले तर सालीसारखे सोलून येतात. म्हणजे चांगला रंग आणल्याने तयारी टळत नाही.

जुन्या जाणत्या माणसांचा आक्षेप याहून विचार करण्याजोगा आहे. वाड्यांच्या खिडक्यांना रंग कुठे होता, वर्षाकाठी बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, हात पुरत असे, असे ते म्हणतात. तळेगाव ढमढेऱ्यासारख्या गावातल्या वाड्यांचे लाकूड पाहिले तर त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. पण तिथे तेलाच्या जोडीला बांधणी होती. खिडकी दोन-अडीच फुटी जाड भिंतीत आत बसवलेली, वर पुढे आलेली वळचण, लाकूड गाभ्याचे सागवान. स्लॅबच्या घरात खिडकी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असते, भिंत नऊ इंची, आणि छज्जा आडव्या पावसाला पुरत नाही. तिथे नुसते तेल अतिनील किरणे अडवत नाही, आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. तरीही ज्याची खिडकी सागाची आहे आणि जो दर वर्षी न चुकता हात फिरवणार आहे, त्याने तेलाचाच मार्ग धरावा, कारण तेलाला पोपडे येत नाहीत आणि पुन्हा खरवडावे लागत नाही. त्याने फक्त तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उलगडून उन्हात वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

लाकडावर रंगकाम कसे करावे याची भारतीय मानक संहिता, क्रमांक २३३८, १९६७ सालची आहे. पृष्ठभागाच्या तयारीपासून सगळा क्रम तीत आहे. अर्ध्या शतकाहून जास्त काळ ती उपलब्ध असून रंगाऱ्याच्या हातापर्यंत पोचली नाही, कारण ती इंग्रजीत, अभियंत्यांसाठी लिहिलेली आहे आणि बहुतेक रंगारी हे काम शाळेत शिकलेले नसतात. शिक्रापुरातून पाबळचा रस्ता धरला की विज्ञान आश्रम लागतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला तो हाताने काम करत शिकावे आणि करताना त्यामागचे शास्त्रही कळावे म्हणून. रंगकामाला त्याच वृत्तीची गरज आहे. ही पुस्तिका घरमालक, रंगारी आणि सुतार या तिघांनी एकत्र वाचावी अशा बेताने लिहिली आहे. पुढची पाने उलटण्याआधी वाचकाने एक दाभण घ्यावे, घराच्या पश्चिमेच्या खिडकीपाशी जावे, आणि खालच्या डाव्या-उजव्या सांध्यात ते हलके दाबून पाहावे. टोक जागीच अडले तर या वर्षी घासून रंग देता येईल. बोटाच्या पेराएवढे आत गेले, तर आधी सुताराला बोलवा.